लॅबचं पिल्लू सतत चावतं, देवघरात शू करतं, रात्रभर रडतं. काय करू? (वय दोन महिने, नागपूर)

मनीषनगर_गच्ची
१७ एप्रिल, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. बारा दिवसांपूर्वी आमच्याकडे लॅब्रॅडॉरचं पिल्लू आलं. मादी आहे, रंग संत्रा बर्फीसारखा म्हणून नाव बर्फी. विकणाऱ्याने "४५ दिवसांची आहे, हेच बरोबर वय" असं सांगून दिली. घरात मी, नवरा, सात वर्षांचा मुलगा आणि सासूबाई.

पहिले दोन दिवस गुणी बाळासारखी होती. आता दिवसभर चावते. हात, पाय, मुलाची चड्डी, माझा दुपट्टा, सासूबाईंच्या पातळाचा काठ, काहीही. संध्याकाळी सात ते नऊ तर अंगात आल्यासारखी घरभर पळते आणि पोटऱ्यांना लटकते. मुलाच्या हातावर सुईसारखे ओरखडे आहेत, आज एका ठिकाणी रक्तही आलं. तो आता सोफ्यावरून खाली उतरत नाही.

शू बाल्कनीत करायची म्हणून तासभर उभी राहते, ती करत नाही. आत आली की थेट देवघरात जाऊन आसनावर करते. आई (सासूबाई) दोन दिवस माझ्याशी नीट बोलल्या नाहीत. रात्री तिला बाल्कनीत गादी घालून ठेवतो तर पहाटेपर्यंत रडते, शेजाऱ्यांनी दार वाजवलं. नवरा म्हणतो परत देऊन टाकू. माझी इच्छा नाही. पण ही अशीच राहणार असेल तर लहान मूल असलेल्या घरात ठेवायची कशी, तेही कळत नाही. कृपा करून अनुभव असलेल्यांनी सांगा.

तर्री_जास्त
१७ एप्रिल, रात्री ११:५२

ताई, लाडावून ठेवलं की असंच होते. आमच्या घरी तीन पिढ्या कुत्री आहेत. शू केली की नाक तिथे घासायचं आणि पेपरची गुंडाळी करून एक द्यायची. आठ दिवसांत समजते. चावली तर तोंड दाबून धरा. घरात मोठं कोण आहे हे तिला कळलंच पाहिजे.

निवृत्त_पशुवैद्य
१८ एप्रिल, सकाळी ६:३५

ताई, आधी रक्ताचं. दोन महिन्यांच्या पिल्लाची रेबीजची लस झालेली नसते, ती साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर देतात. त्यामुळे दाताने कातडी फाटली की जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी मुलाला डॉक्टरांना दाखवायचं. घरातलंच आहे, लहानच आहे, असं म्हणून टाळू नका. हळद-तिखट भरू नका. आजच जा, बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

आता पिल्लाबद्दल. ४५ दिवस हे बरोबर वय नाही. आपल्याकडे २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, आणि त्याला कारण आहे. सहा ते आठ आठवड्यांत पिल्लं भावंडांशी मस्ती करताना दाताचा जोर किती लावायचा ते शिकतात. एकाने जोरात चावलं की दुसरं केकाटतं आणि खेळ सोडून निघून जातं. तुमच्या बर्फीची ही शाळा अर्धी राहिली. ती आता तुमच्या घरात पूर्ण होणार आहे, एवढाच त्याचा अर्थ. ती रागीट नाही.

चावलं की हात झटक्याने ओढू नका, हलणारी वस्तू पकडायचीच तिची वृत्ती आहे. हात सैल सोडा, खेळ तिथेच थांबवा, उठून अर्धा मिनिट दाराआड किंवा फळीपलीकडे जा. परत या, कुरतडायला खेळणं द्या. प्रत्येक वेळी, घरातल्या प्रत्येकाने. एकाने हात चावू दिला आणि दुसऱ्याने रागावलं तर ती काहीच शिकणार नाही. काही पिल्लं आपण "आई गं" ओरडलो की थांबतात, काही आणखी चेकाळतात. तुमची कुठल्या जातीची ते दोन दिवसांत कळेल.

@तर्री_जास्त, नाक घासण्याबद्दल आदराने असहमत आहे. कुत्र्याच्या मेंदूत कृती आणि परिणाम यांची गाठ एक-दोन सेकंदांत बसते. दहा मिनिटांनी नाक घासलं तर त्याला एवढंच कळतं की जमिनीवर शू असताना माणूस जवळ आला की मार बसतो. मग ते शू करायचं थांबत नाही, तुमच्या डोळ्यांसमोर करायचं थांबतं. ताई, बाल्कनीत तुम्ही समोर उभ्या असताना ती करत नाही. तिला आत शू केल्याबद्दल कोणी रागावलं होतं का?

सेमिनरी_पहाटफेरी
१८ एप्रिल, सकाळी ९:१०

मी हे लिहिणार नव्हतो, पण पेपरच्या गुंडाळीचं वाचून राहवलं नाही.

सहा वर्षांपूर्वी माझं पिल्लू पाच महिन्यांचं असताना एक शिकवणारे घरी यायचे. गळ्यात आवळणारी साखळी घालायचे, भुंकलं की झटका. "अल्फा बना", म्हणजे कळपाचा म्होरक्या बना, हे त्यांचं पालुपद. पंधरा दिवसांत कुत्रा चुप झाला आणि आम्ही खूश झालो. मग तो मला बघून शेपटी पायात घालायला लागला. पाहुणे आले की पलंगाखाली. आठव्या महिन्यात माझ्या भाच्याने लाडाने गळ्याला हात लावला, आणि त्याने ना गुरगुर केली ना काही, सरळ चावा घेतला. सात टाके पडले.

नंतर व्हेटर्नरी कॉलेजच्या दवाखान्यात एका मॅडमनी समजावून सांगितलं. गुरगुरणं ही सूचना असते. आम्ही झटके देऊन सूचना बंद केली होती, भीती तशीच होती. 'अल्फा' लांडग्याची कल्पना एकमेकांना अनोळखी लांडगे एकाच पिंजऱ्यात कोंडून केलेल्या निरीक्षणांवरून आली आहे. रानातला कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पिल्लं, हे डेव्हिड मेक या लांडग्यांच्या अभ्यासकाने १९९९ मध्ये सविस्तर मांडलं. आणि "बघा कसा चेहरा पाडून बसलाय, चूक कळते त्याला" असं आपण म्हणतो ना, त्यावर अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये प्रयोग केला. कुत्र्याने चूक केली असो वा नसो, मालक रागावला की तोच चेहरा दिसला. तो पश्चात्ताप नाही, समोरच्याच्या रागाला दिलेलं उत्तर आहे.

माझा कुत्रा परत माणसात यायला दीड वर्ष लागलं. आजही गळ्याला कोणी हात लावलेला त्याला चालत नाही. त्याला काही येत नव्हतं म्हणून हे झालं नाही. आम्ही त्याला जे शिकवलं त्याने झालं. ताई, तुमचं पिल्लू दोन महिन्यांचं आहे, हातात सगळं आहे.

मनीषनगर_गच्ची
१८ एप्रिल, दुपारी ३:०५

डॉक्टर, मुलाला सकाळीच नेलं. पहिलं इंजेक्शन झालं, पुढच्या तारखा दिल्या आहेत. मनापासून आभार.

हो, रागावलो होतो. चौथ्या दिवशी यांनी मोठ्याने ओरडून तिला मानेला धरून बाल्कनीत नेलं होतं. त्यानंतरच ती आमच्यासमोर शू करेनाशी झाली. तुम्ही विचारल्यावर तारखा जुळवल्या तेव्हा लक्षात आलं.

इतवारीची_सून
१८ एप्रिल, रात्री ८:४०

ताई, देवघराचं मी सांगते, आमच्याकडे हेच झालं होतं. पिल्लाला पायाखाली मऊ, पाणी शोषणारं काहीतरी लागतं. आसन, पायपुसणं, सतरंजी, सगळं एकच. महिनाभर खालचं सगळं उचलून ठेवा. आईंना सांगा, पाटावर बसून पूजा करा तेवढे दिवस. डाग नुसत्या फिनाईलने पुसला तर आपल्याला वास येत नाही, तिला येतो. एन्झाइमवालं क्लीनर मिळतं, ते वापरा. अमोनिया असलेलं काही नको, त्याचा वास तिला शूसारखाच वाटतो.

आणि वेळ धरा. उठली की, जेवली की पंधरा-वीस मिनिटांनी, खेळ संपला की, आणि जागी असताना दर तासाला एकाच कोपऱ्यात न्या. जुन्या शूचा एक कागद तिथे ठेवा. तिच्याकडे टक लावून बघू नका. झाली की त्याच क्षणी, तिथेच शाबासकी आणि खाऊ. आत येऊन दिला तर तो आत येण्याचा खाऊ होतो.

रात्री बाल्कनीत ठेवू नका हो. तिच्या जन्मातल्या या पहिल्याच एकट्या रात्री. पलंगाशेजारी खोक्यात ठेवा, हात खाली सोडला की वास येईल इतक्या जवळ.

मनीषनगर_गच्ची
२७ एप्रिल, रात्री १०:१५

दहा दिवसांचा हिशेब द्यायला आले.

रात्रीचं रडणं दुसऱ्याच दिवशी संपलं. खोका माझ्या उशीजवळ, त्यात माझा जुना गाऊन. पहिल्या रात्री दोनदा कुंई केली, दोन्ही वेळा शू होती. आता पहाटे साडेचारला एकदाच उठते.

पण मुख्य गोष्ट वेगळीच निघाली आणि ती आईंनी काढली. मागच्या शनिवारी संध्याकाळी बर्फीचा तोच धिंगाणा चालला होता. मी फळीपलीकडे जाऊन उभी, ती फळीलाच चावत होती. आई पलंगावरून बघत होत्या. म्हणाल्या, "अवं, हे लेकरू झोपेला आलं आहे. तुझा नवरा लहानपणी अस्साच करे. झोप आली की चावे आन् मग रडे. काहून खेळवून राहिले तिला?"

मी चाटच पडले. दुसऱ्या दिवसापासून भिंतीवरच्या कॅलेंडरमागे, जिथे दुधाचा हिशेब लिहितो तिथेच, तिच्या झोपेच्या वेळा लिहायला लागले. पहिल्या दिवसाची बेरीज अकरा तास! मुलाची परीक्षा संपली होती. ती जरा डोळा मिटते न मिटते तोच तो उचलून घ्यायचा. कॉलनीतली पोरं बघायला यायची. आम्हीही दमली की झोपेल म्हणून संध्याकाळी मुद्दाम चेंडू फेकायचो. डॉक्टरांना निरोप पाठवून विचारलं तर म्हणाले, या वयात अठरा ते वीस तास झोप लागते.

मग घरात एक नियम केला. तासभर जागी, मग खोक्यात. खोक्यावर ओढणी, कूलरचा आवाज, आणि झोपलेल्या पिल्लाला कोणीही हात लावायचा नाही. मुलाने स्वतः पुठ्ठ्यावर "बर्फी झोपली आहे" लिहून दाराला लावलं. मंगळवारची बेरीज सोळा तास, गुरुवारची अठरा. आणि गुरुवारी संध्याकाळी सात वाजता मी पोटऱ्या सांभाळत उभी होते, तर ती आली, माझ्या पायावर हनुवटी ठेवली आणि दोरीचं खेळणं चघळत बसली. मी तशीच उभी राहिले, हलले नाही.

चावणं संपलेलं नाही. पण जोर कमी झाला आहे. मुलगा सोफ्यावरून खाली उतरला.

निवृत्त_पशुवैद्य
२८ एप्रिल, सकाळी ६:२०

तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. झोपेचं मी पहिल्याच उत्तरात लिहायला हवं होतं. चाळीस वर्षांत "पिल्लू हिंस्र आहे" म्हणून आणलेली कितीतरी पिल्लं नुसती थकलेली होती.

आता एक घाईचं काम. पिल्लू साधारण तीन ते चौदा आठवड्यांच्या वयात जग ओळखून घेतं, त्यात जे भेटलं नाही त्याची पुढे भीती वाटू शकते. लसी मात्र सोळा आठवड्यांपर्यंत चालतात. त्या संपायची वाट पाहत घरात कोंडलं तर ही खिडकी बंद होते. म्हणून कडेवर घेऊन फिरवा, जमिनीवर सोडू नका. पार्वो या पिल्लांच्या जीवघेण्या उलटी-जुलाबाच्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो. दाढीवाला माणूस, छत्री, हेल्मेट, काठी टेकणारे आजोबा, कुकरची शिटी, सगळं लांबून दाखवा. घाबरली तर अंतर वाढवा.

तर्री_जास्त
३ मे, रात्री ९:३०

सगळं वाचत होतो. माझ्याकडे सध्या चार महिन्यांचं गावठी पिल्लू आहे, काल्या. त्याच्या ताटात कोणी हात घातला की गुरगुरते. आमच्या वडिलांची रीत अशी की ताट उचलून घ्यायचं, मालक कोण ते कळावं म्हणून. मी रोज उचलतो. आधी नुसता थांबायचा, मग गुरगुरायला लागला, काल दात दाखवले. घरात माझी तीन वर्षांची पुतणी आहे. डॉक्टर, काय करायचं ते सांगा, मी करीन. आणि सावजी मटणाची हाडं त्याला देतो, त्याने तर नाही ना होत?

निवृत्त_पशुवैद्य
४ मे, सकाळी ६:४५

विचारलंत ते फार बरं केलंत. विचार करा, तुम्ही पोहे खात असताना रोज कोणी बशी ओढून नेली तर तुम्हीही बशीवर हात धराल. काल्याला तुमचे हात म्हणजे चोर वाटतात. ते उलटं करायचं.

उद्यापासून ताट उचलणं बंद. तो खात असताना सहा फुटांवरून जाताजाता उकडलेल्या अंड्याचा तुकडा त्याच्याकडे टाका आणि निघून जा, थांबायचं नाही. काही दिवसांनी तुम्ही दिसताच तो ताटातून मान वर करून तुमच्याकडे आशेने बघेल. तसं झालं की एक पाऊल जवळ. अंग ताठ झालं किंवा घास भराभर गिळायला लागला की तुम्ही जास्त जवळ गेलात, मागे या. गुरगुरल्याबद्दल शिक्षा कधीही नाही, वर पहाटफेरीवाल्यांचा अनुभव आहेच. पुतणी त्याच्या जेवणाच्या वेळी दुसऱ्या खोलीत, दार लावून. यात सूट नाही. महिन्याभरात फरक नाही पडला तर प्रत्यक्ष दाखवा.

शिजवलेली हाडं बंद करा. शिजलं की हाड ठिसूळ होतं, त्याच्या काचेसारख्या कपच्या निघतात. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशींना घातक आहे, आणि इतकं तेल त्याच्या पोटाला झेपत नाही.

मनीषनगर_गच्ची
२१ मे

रेबीजची लस झाली! काल पहिल्यांदा वर्धा रोडवर मेट्रो दाखवली, कडेवर घेऊन. पहिली गाडी गेली तेव्हा माझ्या खांद्यात तोंड घातलं. तिसऱ्या गाडीला पनीर खात होती.

पारा ४५ वर आहे. आम्ही पहाटे साडेपाचला आणि रात्री नऊनंतरच निघतो. नवीन लोकांसाठी लिहिते, डांबरावर हाताची मागची बाजू पाच सेकंद ठेवून बघा. तुम्हाला ठेववत नसेल तर तिच्या पंजांनाही ते नको. उन्हाने कासावीस झालेलं पिल्लूही चिडचिडं होतं आणि जास्त चावतं, हे मला कॅलेंडरवरच दिसलं. कूलर बंद पडला त्या दोन दिवसांत झोप तेरा तासांवर आली होती.

मनीषनगर_गच्ची
२९ जून

सगळ्यांना सावध करायला लिहिते आहे. बर्फीचे दुधाचे दात पडायला लागले आहेत. आईंना दिवाणाखाली तांदळाच्या दाण्याएवढा एक सापडला, त्यांनी तो डबीत ठेवला. २८ दात पडून ४२ येणार म्हणजे तोंडात किती ठणका असेल. पुन्हा सगळं कुरतडणं सुरू झालं. पण या वेळी ती चिडून नाही, हिरड्या शिवशिवतात म्हणून करते, चघळतानाचा चेहराच वेगळा असतो.

परवा मी भाजी निवडत होते, मागे चरचर आवाज. वळून बघते तर तिने कूलरच्या ताटीतली लाकडाची लव ओढून काढली होती, तोंडाला दाढीसारखी लोंबत होती. आणि कूलरची वायर तिच्या पंजाखाली. कूलर चालू, खाली पाणी सांडलेलं. हातपाय गार पडले माझे. आधी भिंतीवरचं बटण बंद केलं, मग तिला हाक मारली. लव पोटात गेली तर आतड्यात अडकू शकते. पुढचे दोन दिवस तिची शी तपासली, सुदैवाने काही नव्हतं. आता वायर पाइपातून घेतली आहे आणि कूलरभोवती जाळी आहे. वायरींकडे आजच बघा.

कुरतडायला काय देता ते सांगा. आम्ही ओला टॉवेल पिळून, गाठ मारून फ्रीझरमध्ये ठेवतो, आणि गार गाजर.

तर्री_जास्त
३० जून

गाजर आमच्याकडेही चालते. काल्याचं सांगायचं राहिलं. आता मी येताना दिसलो की ताट सोडून माझ्याजवळ येऊन बसतो. वडील बघत होते, काही बोलले नाहीत. काल त्यांनी स्वतः अंडं उकडायला टाकलं.

सेमिनरी_पहाटफेरी
३० जून

@तर्री_जास्त, हे वाचून आजचा दिवस चांगला गेला.

मनीषनगर_गच्ची
५ सप्टेंबर

बर्फी साडेसहा महिन्यांची झाली. पाहुण्यांवर उड्या अजून मारते. पाठ फिरवून उभं राहायचं, चारही पाय जमिनीवर टेकले की लाड, एवढंच चालू आहे आणि हळूहळू लागू पडतं आहे.

तान्ह्या पोळ्यासाठी, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांच्या सणासाठी, माझ्या माहेरी महाल भागात गेलो होतो. त्याच दिवशी मारबत, म्हणजे पुतळ्यांची मिरवणूक, निघते. ढोल, ताशे, "घेऊन जा गे मारबत"च्या आरोळ्या, महालातल्या लोकांना सांगायला नको. तिला घरी ठेवायला कोणी नव्हतं. म्हणून महिनाभर आधीपासून मोबाइलवर ढोलाचा आवाज अगदी बारीक लावून तिला जेवण द्यायचे, रोज एक घर वाढवत. मिरवणुकीच्या वेळी मागच्या खोलीत खिडक्या लावून, पंखा मोठा करून तिच्याजवळ बसले. पहिला ताशा वाजला तशी उठून उभी राहिली, कान मागे. मी गाजर पुढे केलं. तिने माझ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं, आणि बसली. पुढचा अर्धा तास गाजर चाललं.

खरी परीक्षा संध्याकाळी झाली. मुलाचा लाकडी बैल, माझ्या आबाजींनी त्याच्यासाठी रंगवून घेतलेला, तिने पाटावरून उचलला आणि दिवाणाखाली गेली. एप्रिलमध्ये असं झालं असतं तर पोरगं किंचाळत मागे धावलं असतं, आणि ती आणखी आत घुसली असती. मी तोंड उघडणार तेवढ्यात तो काही न बोलता फ्रिजकडे गेला. पनीरचा तुकडा घेऊन दिवाणापासून चार हात दूर खाली बसला आणि म्हणाला, "बर्फी, दे." ती आली. बैल त्याच्या मांडीजवळ ठेवला, पनीर घेतलं. त्याने बैल उचलायच्या आधी तिला आणखी एक तुकडा दिला, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

बैलाच्या डाव्या कानावर दोन दातांचे ठसे आहेत. आबाजी म्हणाले, आण, लुकण भरून पुन्हा रंगवून देतो. तो देत नाही.